चौंडीच्या लेकीची सही

जामखेडची आहे असं कॉलेजात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ते नेमकं आलं कुठे? मग मी नकाशा सांगायला लागते. नगर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक, पलीकडे बीड आणि धाराशिव. बेताचा पाऊस, ज्वारीचं रान, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं. एवढं सांगूनही समोरच्याला काही बोध झाला नाही तर शेवटचा उपाय म्हणून मी चौंडीचं नाव घेते. सीना नदीच्या काठावरचं चौंडी हे आमच्याच तालुक्यातलं गाव आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. मग मात्र सगळ्यांच्या माना डोलतात!

मित्रांनो, अहिल्यादेवींवर आजवर इतकं बोललं गेलंय की धर्मपरायण, न्यायनिष्ठ, प्रजावत्सल ही विशेषणं आपण एका दमात म्हणून टाकतो आणि पुढे काही विचारायचं सुचत नाही. मी सिव्हिलची विद्यार्थिनी. त्यामुळे मला त्यांच्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघावंसं वाटलं. काशी, गया, सोमनाथ, महेश्वर एवढ्या लांबलांबच्या ठिकाणी ज्या बाईने बांधकामं केली, तिची सही कुठे आहे? म्हणजे हे काम माझं, असं सांगणारी खूण तिने कशी सोडली? या एका प्रश्नाच्या मागे गेलं की त्यांचं सगळं आयुष्यच डोळ्यांपुढून जातं. म्हणून ते आधी थोडक्यात सांगते.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ चा. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मुलीच्या जातीला अक्षरओळख कशाला, असं मानण्याच्या त्या काळात माणकोजींनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं. पुढे होळकरांच्या दौलतीचे संस्थापक सुभेदार मल्हारराव होळकर चौंडीला मुक्कामाला असताना त्यांनी या मुलीला देवळात पाहिलं आणि सून म्हणून पसंत केलं, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. १७३३ च्या सुमाराला खंडेरावांशी त्यांचं लग्न झालं आणि सीनाकाठची पोर माळव्यात गेली. १७४५ मध्ये मुलगा मालेराव आणि १७४८ मध्ये मुलगी मुक्ताबाई झाली.

मल्हाररावांनी सुनेला नुसतं देवघर आणि माजघर दिलं नाही. हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, सगळं शिकवलं. १७५४ साली भरतपूरजवळच्या कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्यादेवी सती जायला निघाल्या होत्या, तेव्हा सासऱ्यांनीच विनवणी करून त्यांना थांबवलं. त्यानंतर त्यांच्यावर कामाची जबाबदारी वाढतच गेली. १७६५ मध्ये मल्हाररावांनी सुनेला लिहिलेल्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या सूचना आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर बाई ऑर्डनन्स आणि लॉजिस्टिक्स ही दोन्ही डिपार्टमेंट्स सांभाळत होत्या!

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर आलेले मालेराव वर्षभरातच, १७६७ मध्ये वारले. आता दौलतीला वारस नाही असं बघून दिवाण गंगाधर यशवंत याने राघोबादादांना चिथावलं. राघोबा फौज घेऊन निघालेही. अहिल्यादेवींनी इकडे लढायची तयारी चालवली आणि तिकडे माधवराव पेशव्यांना व इतर सरदारांना पत्रं धाडली. शेवटी राघोबांना क्षिप्राकाठी बेत सोडून द्यावा लागला. पेशव्यांच्या मान्यतेने डिसेंबर १७६७ मध्ये कारभार रीतसर त्यांच्या हाती आला. फौजेचं काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिलं आणि स्वतः नर्मदेच्या काठी महेश्वरला राजधानी नेली. पुढची जवळजवळ २८ वर्षं राज्याचा गाडा तिथूनच चालला.

आता येऊ सहीकडे.

अहिल्यादेवींनी आपलं राज्य शंकराला अर्पण केलं आणि आपण त्याच्या वतीने कारभार बघतो असं मानलं, हे प्रसिद्धच आहे. पत्रव्यवहारात त्यांचं नाव येतं, पण राज्याच्या हुकमावर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकर असं लिहिण्याचा त्यांचा प्रघात सांगतात. नाण्यांचंही तसंच. त्यांच्या काळातल्या महेश्वरच्या टांकसाळीतल्या रुपयांवर फारसी अक्षरांत नाव आहे ते दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, कारण तेव्हा बहुतेक सगळ्यांच्या नाण्यांवर तेच असायचं. मग हा रुपया होळकरांचा, हे ओळखायचं कसं? तर त्यावर शिवलिंग आहे आणि बेलाचं पान आहे. नाव कुठेच नाही, पण नाणं हातात घेतलं की कुणाचं ते कळतं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या संतांच्या अभंगांची आठवण झाली. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव गुंफायचं, त्याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबा, नामदेव, चोखोबा सगळ्यांची आपापली मुद्रा आहे. एकनाथ महाराज मात्र आपल्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचं नाव जोडतात आणि जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. सही दुसऱ्याच्या नावाने केली तरी ओवी जनाबाईची आहे हे पहिल्या दोन शब्दांत ओळखू येतं, कारण तिच्यात दळण असतं, कांडण असतं, शेण्या असतात. अहिल्यादेवींची श्रीशंकर ही सही मला त्याच घरातली वाटते.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका कलावंताचाही इथे संबंध येतो. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी हे तमाशाच्या फडातलं गाजलेलं नाव. शाहिरांच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्याही कवनात त्यांच्या नावाची छाप असायची. अहिल्यादेवींनी त्यांना तमाशा सोडून कीर्तनाकडे वळायला सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं, अशी कथा आहे. त्यात फंदींनी नाव पुसलं नाही. नाव तेच ठेवलं, काम बदललं. सही करणं वाईट असतं तर बाईंनी तेही थांबवलं असतं ना! तेव्हा नाव लिहावं की नाही याबद्दल त्यांचा काही हट्ट असावा असं मला वाटत नाही. खोट्या स्तुतीबद्दल मात्र होता. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षांत माळव्यातल्या लोकांकडून माहिती गोळा करून लिहिलं, त्यात एक प्रसंग येतो. एका ब्राह्मणाने अहिल्यादेवींची स्तुती करणारा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असं सांगितलं आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. त्या कवीची पुढे विचारपूसही केली नाही!

बिचारा कवी! पण मला यातून एक गोष्ट कळते. आपलं वर्णन दुसऱ्याने कोणत्या शब्दांत करावं याची बाईंना फिकीर नव्हती. आपण काय बांधतो आणि कसं बांधतो, याची होती. आता त्यांच्या बांधकामांकडे बघू, कारण खरी सही तिथे आहे.

काशीचं विश्वनाथाचं देऊळ औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये पाडलं गेलं होतं. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ अनेकांच्या मनात होतं, पण जमलं नव्हतं. अहिल्यादेवींनी मूळ जागेचा वाद न ओढवून घेता तिच्या शेजारी नवं देऊळ बांधलं, ते १७८० मध्ये पूर्ण झालं. सोमनाथलाही तोच मार्ग. जुन्या भग्न देवळापासून थोड्या अंतरावर १७८३ मध्ये त्यांनी नवं देऊळ उभारलं आणि मुख्य शिवलिंग खालच्या तळघरात ठेवलं, म्हणजे पुन्हा हल्ला झाला तरी ते सुरक्षित राहावं. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं. करड्या ग्रॅनाइटचे मोठे चिरे आणि ते एकमेकांना जोडायला लोखंडी पकडी, वर अष्टकोनी शिखर. जाणाऱ्यांनी नक्की बघावं, आपल्या मेसनरीच्या तासाला जे शिकतो ते तिथे उभं आहे.

ही तिन्ही ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हती, हे लक्षात घ्या. आपल्या हद्दीबाहेर बांधायचं, ही त्यांच्या कामाची पहिली खूण. दुसरी खूण पैशाची. होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत म्हणजे राज्याचा खजिना आणि खासगी म्हणजे घरच्या बायकांच्या नावे असलेलं उत्पन्न. सासूबाई गौतमाबाईंपासून ही खासगी चालत आली होती. अहिल्यादेवींनी धर्मादाय कामांचा खर्च खासगीतून केला. तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे देखभाल. देऊळ किंवा धर्मशाळा बांधून नारळ फोडला आणि विषय संपला, असं त्यांनी केलं नाही. अन्नछत्राला दर वर्षी किती रक्कम जायची, गंगेचं पाणी कुठल्या देवळात पोचवायचं, याच्या नेमणुका करून ठेवल्या. मेन्टेनन्सचं बजेट पहिल्याच दिवशी धरलेलं प्रोजेक्ट आजसुद्धा किती बघायला मिळतं, तुम्हीच सांगा!

आणि चौथी खूण पाण्याची. घाट, विहिरी, बारवा, कुंड. महेश्वरचा घाट बघितला की त्यात पाण्याचा विचार दिसतो. नर्मदा उन्हाळ्यात खाली जाते आणि पावसाळ्यात चढते, म्हणून पायऱ्या अशा की पाणी कुठेही असो, माणसाला त्याच्यापर्यंत पोचता यावं. बारवेचंही तत्त्व तेच आहे. आडाला दोर आणि पोहरा लागतो, बारवेत रिकाम्या हाताने गेलेला वाटसरूही पाणी पिऊन वर येतो. माल्कमने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी त्यांची माणसं रस्त्यांवर असत आणि शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून पाणी पाजलं जाई. पाखरांसाठी उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन मोकळी ठेवली जात. नांगराच्या बैलाला तहान लागते हे कुठल्याही राजाला पुस्तक वाचून सुचणार नाही. मला वाटतं, हे चौंडीच्या रानात बालपण गेलेल्या माणसालाच सुचतं. आमच्या भागात पाण्याची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही.

महेश्वरला त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. त्यातून महेश्वरी साडी उभी राहिली. तिच्या काठावर लहर आहे, चटाई आहे आणि वीटसुद्धा आहे. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातली नक्षी विणकरांनी काठावर उतरवली असं सांगतात. साडीवर कुणाचं नाव नसतं, पण माझी आई लग्नाच्या गर्दीतसुद्धा लांबून काठ बघून महेश्वरी ओळखते.

आता आपल्याकडे वळते. आपल्या ड्रॉइंग शीटच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. नाव, रोल नंबर, स्केल, तारीख. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं ते सांगायला नकोच. एका खोलीत काच, काचेखाली दिवा, दिवसभर बसून कुणीतरी काढलेलं एक शीट आणि मग रात्रभर जीटी! सकाळी पन्नास टायटल ब्लॉकमध्ये पन्नास नावं असतात, ड्रॉइंग मात्र एकच. गंमत म्हणजे ड्रॉइंगचे सर लाइन वर्क आणि लेटरिंगवर नजर टाकून मूळ शीट कुणाचं ते बरोबर काढतात. आता तर शीटचं सोडा, आख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट एआय लिहून देतं आणि पहिल्या पानावर चार जणांची नावं बोल्डमध्ये झळकतात. नाव आहे, पण त्या रिपोर्टमधलं एक तरी वाक्य, एक तरी निर्णय त्यांच्यावाचून झाला नसता असा आहे का? व्हायवाला एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतात आणि चौघं एकमेकांकडे बघतात.

सही म्हणजे कोपऱ्यातलं नाव, अशी आपली समजूत असते. अहिल्यादेवींच्या कामात कोपरा मोकळा आहे आणि सही सगळीकडे पसरली आहे. तेच तेच निर्णय त्या पुन्हा पुन्हा घेत गेल्या. पडलेल्याशेजारी नवं बांधायचं, खर्च खासगीतून करायचा, पाण्यापर्यंत पायरी न्यायची, पुढच्या वर्षाची सोय आज करायची. हे निर्णय एकत्र दिसले की लोक म्हणतात, हे बाईंचं काम.

अर्थात याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. गयेचे चिरे अहिल्यादेवींनी स्वतः घडवले नाहीत. ते पाथरवटांनी घडवले आणि त्यांची नावं आज आपल्याला कुठे भेटत नाहीत. बाईंनी नाव लिहिलं नाही तरी इतिहासाने त्यांना लक्षात ठेवलं, ते भाग्य पाथरवटाच्या वाट्याला आलं नाही. त्यामुळे नाव नको, काम बोलेल, हा सल्ला सगळ्यांना सरसकट देता येत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने नाव मागे घ्यावं, आणि ज्याच्या हातात छिन्नी आहे त्याचं नाव कुणीतरी लिहून ठेवावं, असं मला वाटतं. नाव न लिहिण्याचा आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे कुठलीही जुनी बारव दिसली की लोक ती अहिल्यादेवींची म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येक त्यांच्या आधी चार-पाचशे वर्षांच्या, यादवकाळातल्या आहेत. प्रेमापोटी का होईना, दुसऱ्याचं काम त्यांच्या नावावर जातं. ज्यांनी स्तुतीचा ग्रंथ नदीत टाकला त्यांना हे आवडलं असतं असं मला वाटत नाही.

त्यांची शेवटची वर्षं दुःखाची गेली. तरुण नातू गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती निघाली. ज्या बाईला सासऱ्यांनी एके काळी चितेवरून मागे वळवलं होतं, तिला स्वतःच्या लेकीला वळवता आलं नाही. एवढं राज्य सांभाळलेल्या बाईची विनवणी तिथे कमी पडली. पुढे लेकीचं आणि जावयाचं स्मारक त्यांनी बांधलं. १७९५ च्या मार्चमध्ये आमच्याच तालुक्यातल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली, त्यात होळकरांची फौजही होती. माहेरच्या मातीवरच्या त्या विजयानंतर पाच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला, महेश्वरला अहिल्यादेवींनी देह ठेवला.

आज त्यांचं नाव इंदूरच्या विमानतळाला आहे, इंदूर आणि सोलापूरच्या विद्यापीठांना आहे आणि २०२४ पासून आमच्या जिल्ह्यालाही आहे. मार्कशीटवर, एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं बघायची सवय होतेय. जामखेडची म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण ही नावं आपण दिली. त्यांच्या सहीला साजेसं काही करायचं तर ते त्याच चार खुणांनी करावं लागेल.

पुढच्या वर्षी आमचं बी.ई.चं प्रोजेक्ट आहे. माझ्या ग्रुपपुढे मी एक विषय ठेवलाय, आमच्या भागातल्या जुन्या बारवांचा सर्व्हे. टेप आणि लेव्हल घेऊन प्रत्येक पायरी मोजायची, दगड आणि चुना बघायचा, कुठला चिरा निसटलाय, गाळ किती साठलाय, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं आणि दुरुस्तीला किती खर्च येईल याचं एस्टिमेट ग्रामपंचायतीच्या हातात द्यायचं. शीटवर एक रकाना बांधणाऱ्याच्या नावाचाही ठेवणार आहोत. पुरावा मिळेल तिथे नाव, नाही तिथे रकाना मोकळा. गाळ काढायला सुट्टीत कोण कोण येणार, ते आत्ताच सांगून ठेवा. घमेली आम्ही आणतो!